घरच्या गाड्या

गाडी त्याने डोळ्यांनी ओळखली नाही, अंगठ्याने ओळखली. सरांच्या पत्नींनी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "हा एक राहिलाच बघा. ह्यात एकच आहे." डब्यात लोकरीचा पायमोजा होता आणि मोज्यात काहीतरी जड. त्याने सवयीने आत हात घातला आणि ती बाहेर काढायच्या आतच, मोज्यातल्या अंधारात, अंगठा पुढच्या डाव्या दिव्यावर येऊन थांबला. दिव्याच्या खालच्या कडेला एक बारीक उंचवटा होता, घासायचा राहून गेलेला. तो उंचवटा त्याचाच होता. एकतीस वर्षं तो कवळ्या करत होता. मेणात दात बसवायचे, प्लास्टरच्या साच्यात घालायचे, शिजवायचे, घासायचे, चकाकी आणायची. स्वतःच्या हातचं काम त्याला पाठमोरं असलं तरी कळायचं. ही गाडी त्याच्याकडे आली तेव्हा तिचा डावा दिवा गळून पडलेला होता, आणि एका दुपारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, त्याने दातांच्या छटांची पट्टी समोर धरून पन्नाशीतल्या माणसाच्या दाताचा किंचित पिवळट रंग निवडला होता आणि साबुदाण्याएवढा दिवा बनवून तिथे बसवला होता. जुन्या दिव्यांची काच अशीच पिवळट असते. खालची कड उद्या घासू म्हणून तशीच राहिली. आता ती अंगठ्याला लागत होती.

त्याने गाडी बाहेर काढली. हिरवी-काळी इटालियन टॅक्सी, तळहातात मावणारी. खालून हिरवी, वरून काळी. तिला उलटी करून बघायची गरज नव्हती, तरी त्याने केली. पोटावर इटलीचं नाव होतं, होतं तसंच. समोर मॅडम गुडघ्यांवर वही घेऊन बसल्या होत्या. भिंतीवरचे नकाशे उतरवल्यामुळे तिथे फिकट चौकोन पडले होते, खोकी दोरीने बांधून झाली होती, आणि खिडकीला पडदा नसल्यामुळे सकाळचं ऊन थेट त्यांच्या पांढऱ्या केसांवर येत होतं. आता सर नव्हते आणि त्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. गाड्या एका शाळेला द्यायच्या ठरल्या होत्या, पण कुठली कुठल्या देशाची हे त्यांना कुठे ठाऊक, म्हणून त्यांनी त्याला बोलावलं होतं. "हिचं काय लिहू?" त्यांनी विचारलं. तो गाडी हातात फिरवत राहिला तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "ही ते कधी वर मांडत नसत. मी एकदोनदा विचारलं, तर म्हणाले, ती आपली नाही, परत करायचीय. चौदा वर्षं झाली असतील. परत करणारा माणूस एवढी वर्षं लावतो का हो? कोणाची आहे, तुम्हाला काही कल्पना?"

"नाही," तो म्हणाला.

सर भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊनही सगळे त्यांना सरच म्हणत. जुन्या सामानाच्या बाजारात त्या दोघांची गाठ पडली होती, पाव पोचवणाऱ्या फ्रेंच गाडीच्या एकाच खेळण्यावर दोघांचे हात पडले म्हणून. सरांनी हात मागे घेतला, पण आधी गाडी उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून पोटावरची अक्षरं वाचली आणि ती त्याच्या हातात देऊन म्हणाले, "घ्या, घरची आहे." मग चहा पिताना त्यांनी आपला नियम सांगितला. खेळण्याची गाडी खऱ्या गाडीच्याच देशात बनलेली हवी. जर्मन गाडी जर्मनीत, जपानी तीनचाकी जपानमध्ये. पुढे कारखाने बंद पडले, साचे जहाजात घालून तिसऱ्याच देशात गेले आणि त्याच साच्यांतून त्याच गाड्या निघू लागल्या, रंगाने कदाचित जास्तच झकास. पण त्या सरांना चालत नसत. "ज्या माणसाने ती गाडी रोज आपल्या गल्लीतून जाताना पाहिलीय," ते म्हणायचे, "त्याच्याच हाताला तिच्या टपाचा उतार कळतो. बाकीचे फोटो बघून करतात. म्हणून आधी पोट बघायचं, तोंड नंतर." त्याला हे फार पटलं होतं. तो स्वतः अशाच माणसांचे दात करत होता ज्यांची तोंडं त्याने कधी पाहिली नव्हती. प्लास्टरचा साचा यायचा, चिठ्ठीवर वय आणि छटा असायची, आणि दात तयार होऊन परत जायचे. कोण त्या दातांनी हसतं, कोण खातं, कोण रात्री पेल्यात काढून ठेवतं, हे त्याला कधीच कळत नसे. आपल्या कपाटात तरी सगळं आपापल्या घरचं असावं असं त्याला वाटलं. बायकोने एकदा त्या गाड्यांवरून फडकं फिरवलं, तर तो तिच्यावर असा खेकसला की त्यानंतर तिने त्या खोलीचा नाद सोडला.

दादा मात्र त्या खोलीत बिनदिक्कत यायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, हाताला कायम वंगणाचा वास, आवाज असा की जिन्यातून तीन मजले आधी यायचा. "काय रे, तुझ्या ह्या फॉरेनच्या पाहुण्या चहाबिहा पितात की नाही? का नुसत्याच मिजाशीत बसून राहतात?" असं म्हणून तो कपाटासमोर उकिडवा बसायचा आणि तोंडाने हॉर्न वाजवायचा. वडील गेल्यावर दादाने शाळा सोडली होती आणि धाकट्याला शिकवलं होतं, पण त्याचा उच्चार त्याने कधी केला नाही. एवढंच काय, शेजाऱ्यांची खिडकी धाकट्याच्या दगडाने फुटली तेव्हा दादा पुढे होऊन "मी फोडली" म्हणाला होता आणि दोन कानशिलात खाऊन हसत परत आला होता. धाकट्याला ते हसणं आठवत असे. जगात एक माणूस आपल्यासाठी न कचरता खोटं बोलू शकतो, ह्या गोष्टीच्या उबेत त्याचं लहानपण गेलं होतं. मग दादाचं लग्न झालं, पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती इवलीशी होती आणि सदा काही ना काही वाहून नेत असायची. बटणं, बाटल्यांची झाकणं, कंगव्याची तुटकी टोकं. तिच्या फ्रॉकचे खिसे रोज झोपायच्या आधी वहिनी रिकामे करायच्या आणि सगळं घर हसायचं.

तो रविवार होता. दादा, वहिनी आणि सात वर्षांची मुंगी जेवायला आले होते. तीनच्या सुमारास नेहमीप्रमाणे सर आले. टॅक्सी येऊन आठवडाच झाला होता, म्हणून त्याने ती सरांना दाखवायला काढली, दाताच्या दिव्याची गंमत सांगितली. सरांनी ती उलटी करून पोट वाचलं. मग म्हणाले, "इटलीतली एवढीच राहिली होती माझी." मुंगी कपाटाखाली फरशीवर पाय पसरून बसली होती. बायकोने हाक मारली म्हणून तो आणि दादा गच्चीतल्या खुर्च्या आणायला गेले. सहा वाजता सगळे गेल्यावर त्याने कपाट पाहिलं, तर तिसऱ्या फळीवर एक मोकळी जागा होती, तळहाताएवढी. सरांचा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं म्हणता येणार नाही. आला होता, त्याने तो दाराबाहेरच उभा केला. सर म्हणजे नियमाचे माणूस. पोटावरचं नाव वाचल्याशिवाय जे दुसऱ्याची वस्तू हातात धरत नाहीत ते. आणि दुसरीकडे ती पोरगी, जिचं नावच मुंगी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दादाकडे गेला. ती तिघं जेवायला बसत होती. तो बसला नाही. "टॅक्सी गेलीय," एवढंच म्हणाला. दादा आधी हसला. "पंक्चर काढायला गेली असेल." मग त्याने धाकट्याचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू ओसरलं. त्याने मुलीकडे पाहिलं. मुंगी ताटाकडे बघत होती. खरं तर लहान मुलं मोठ्यांचा आवाज चढला की ताटाकडेच बघतात. दादाने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि म्हणाला, "मी घेतली."

"तू?"

"हो. मजा म्हणून घेतली होती. हरवली रे. बसमध्ये पडली असणार खिशातून."

"कुठल्या रंगाची होती?"

"लाल," दादा म्हणाला. "लालच ना?"

त्या क्षणी त्याला कळलं की दादाने ती घेतलेली नाही, घेणं दूरच, दादाने ती धड पाहिलीसुद्धा नाही. चौदा वर्षांत त्याने ह्या क्षणावर किती थर चढवले होते. पण सरांच्या त्या उघड्या-बोडक्या खोलीत, हातात टॅक्सी धरून बसलेला असताना, ते सगळे थर एकदम सुटून आले आणि खाली ते जसंच्या तसं होतं. त्याला राग आला होता, पण चोरीचा नव्हे. दादा खोटं बोलला होता आणि ते खोटं त्याच्यासाठी नव्हतं. ते आता दुसऱ्या कुणासाठी होतं, त्या ताटाकडे बघणाऱ्या चिमुरडीसाठी, आणि ह्या वेळी ज्याच्याशी खोटं बोललं गेलं तो परका माणूस तो स्वतः होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला हे कुणापाशी बोलून दाखवता येत नाही. म्हणून तो म्हणाला, "पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नकोस." दादा म्हणाला, "अरे, एका गाडीवरून?" बायकोही घरी तेच म्हणाली. त्यानंतर दोनतीन रविवार दादा इमारतीखाली येऊन उभा राहिला, जुनी शीळ घातली, जिना चढला नाही; पायरी चढू नकोस म्हटलं होतं ना. तो खिडकीच्या आतल्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभा राहायचा, शीळ थांबेपर्यंत. मग शीळ यायची बंद झाली. दोन वर्षांपूर्वी दादा गेला. तेव्हा तो जाऊन आला, दाराशी पाच मिनिटं उभा राहून. आत मुंगी बसली होती, एकोणीस वर्षांची, दोन्ही हात काखेत घट्ट धरून. बापाच्या पायालासुद्धा हात लावत नाही, शिष्ट आहे, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

आणि ह्या सगळ्या वर्षांत सर दर रविवारी येत राहिले. तिसऱ्या फळीवरची ती जागा त्याने मोकळीच ठेवली होती. सर आले की आधी त्या जागेसमोर उभे राहत, आणि त्याला वाटे, हा माणूस आपलं दुःख जाणतो. "वस्तू बऱ्या असतात," सर म्हणाले होते, "त्या जातात, पण दगा देत नाहीत." पुढे पुढे कधीतरी विचारायचे, "भाऊ येतो का हल्ली तुमचा?" तो म्हणायचा, नाही. "बोलावून बघा ना एकदा." तीनदा म्हणाले असतील, चारदा. सरांचं मन किती मोठं, असं त्याने बायकोला सांगितलंही होतं. आता त्याला सरांचा राग यायला हवा होता. तो वाट पाहत राहिला, पण राग यायला माणूस समोर लागतो. सर तीन आठवड्यांपूर्वी जिना चढताना पडले ते उठलेच नव्हते, आणि त्यांचा लोकरीचा पायमोजा त्याच्या मांडीवर होता, टाचेला रफू केलेला. कोणी केलं असेल ते रफू? मॅडमनीच. त्या आता उठून आत गेल्या होत्या, दूध उतू जाईल म्हणून. त्याने रिकामा मोजा डब्यात घातला, झाकण लावलं आणि टॅक्सी आपल्या कोटाच्या खिशात टाकली. हे त्याच्या हाताने केलं. त्या परत आल्या तेव्हा तो उभा होता. कॉफीही न घेता निघाला.

तो घरी गेला नाही. बसने दादाच्या वस्तीत उतरला. वहिनी आता एका लाँड्रीत कामाला होत्या, मागच्याच दोन खोल्यांत राहत होत्या, एवढं बायकोच्या बोलण्यातून त्याला कळलेलं होतं. दुकानात वाफेचा आणि जळक्या स्टार्चचा वास होता. वहिनी इस्त्री करत होत्या. त्यांनी वर पाहिलं, ओळखलं, आणि इस्त्री उभी करून ठेवली. "भाऊजी, घरी सगळं ठीक ना?" म्हणजे त्यांना वाटलं, कोणीतरी गेलं असणार, नाहीतर हा कशाला येतोय. बाजूच्या टेबलाशी मुंगी बसली होती. ती धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे तपासत होती. समोर छोट्या काचेच्या बरण्या मांडल्या होत्या, आणि प्रत्येक खिशातून जे निघेल ते, तिकिटाचा तुकडा असो की सुटं बटण, ती एका कागदात गुंडाळून त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून बरणीत टाकत होती. एका विजारीतून वाटाण्याएवढा दगड निघाला. तिने त्यालाही चिठ्ठी लावली. तो बघत राहिला.

"टॅक्सी सापडली," तो म्हणाला.

वहिनींना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मुंगीचा हात मात्र खिशात गेलेला तिथेच थांबला. त्याने सांगायला सुरुवात केली. सरांचा डबा, पायमोजा, परत करायचीय हे बोलणं, दाताचा दिवा. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण हे भराभर सांगतोय, एखादं चांगलं वर्तमान सांगावं तसं. शेवटी त्याने खिशातून गाडी काढून टेबलावर ठेवली. "तेव्हा मुंगे, तू घेतली नव्हतीस. दादानेही नव्हती घेतली. सरांनी घेतली होती."

मुंगीने गाडीकडे बघितलं. हात लावला नाही. "ही नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ती लाल होती."

"अगं, हिरवीच होती. हीच. दादा चुकून लाल म्हणाला होता."

"काका, मला आठवतंय ना. मी घेतली होती." ती हे शांतपणे सांगत होती, चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवावं तसं. "माझा पिवळा फ्रॉक होता. उजव्या खिशात टाकली. जड होती, मांडीवर आपटत होती चालताना. मग मी घाबरले आणि गटारात टाकली. मी बाबांना सांगितलं होतं सगळं."

त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनी इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला टेकल्या होत्या. "ती दहा वर्षांची असताना," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं ते तिला काही बोलले नाहीत. हात लावला नाही, ओरडले नाहीत. नुसतं शाळेतून आली की दप्तर बघायचे, सहज बघितल्यासारखं. आणि कुठे कोणाकडे गेलो की हिच्या मागे मागे राहायचे. एक दिवस म्हणाले, बेटा, तू सांगून टाकलंस ना, तर मी काकाकडे जाईन आणि सगळं मिटेल. मी रागावणार नाही. मग हिने सांगितलं." त्यांनी टेबलावरच्या कापडाची सुरकुती हाताने सारखी केली. "ही बोलत होती तेव्हाच मला कळलं, पोरगी बापाला हवं ते देतेय. पण त्यांना किती सुटल्यासारखं झालं होतं, भाऊजी. त्यांनी तिला जवळ घेतलं. शाबास म्हणाले. मी काय बोलणार होते?"

"मग तो आला का नाही माझ्याकडे?"

"आले होते की. तुमच्या दारापर्यंत. आणि परत आले. म्हणाले, पोरीचं नाव त्याच्यापुढे घेववत नाही. त्याने मलाच चोर समजलेलं बरं."

दुकानात एक गिऱ्हाईक आलं. वहिनींनी त्याचा गठ्ठा काढून दिला, सुट्टीबद्दल दोन शब्द बोलल्या, ते गेलं. आता तो बोलला नसता तर पुढे कधीच बोलला नसता. तो म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं, दादाने घेतली नाही. तो लाल म्हणाला तेव्हाच."

"हे त्यांनाही माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर ते खाली येऊन उभे राहायचे. त्यांना वाटायचं, ह्याला कळलंय, आज ना उद्या हा खिडकी उघडेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्यांनी इस्त्री उचलली, बोटाला थुंकी लावून तिचा ताव बघितला. "उचला ती गाडी. ह्या टेबलावर लोकांचे कपडे असतात."

त्याने ती उचलली. निघाला तेव्हा मुंगी मागून म्हणाली, "काका, पुन्हा सांगा."

तो वळला. "काय?"

"तेच. आत्ता सांगितलंत ते. पहिल्यापासून."

त्याने पुन्हा सांगितलं, ह्या वेळी सावकाश. ती हात काखेत धरून ऐकत होती. पायमोज्याच्या जागी आल्यावर तिने थांबवलं. "म्हणजे मी नाही." "नाहीस." "मग मला ते वजन कसं आठवतं?" तिने टेबलावरची एक चिठ्ठी सरळ केली आणि म्हणाली, "तुम्ही उद्या याल? आत्ता तुम्ही बोलताय तोवर मला खरं वाटतंय. पण उद्या सकाळी उठेन तेव्हा पुन्हा मीच घेतलेली असेन."

तो दुसऱ्या दिवशी गेला. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतून निघायचा, बसने जायचा, दुकानात उभ्या उभ्या सगळं सांगायचा आणि परत येऊन अर्धवट राहिलेल्या कवळीसमोर बसायचा. वहिनी त्याला बसा म्हणत नव्हत्या. तो जे सांगत होता ते रोज जरा जास्तच नेमकं होत चाललं होतं. मोज्याचा रंग, रफूचा दोरा, खिडकीतलं ऊन. त्याला वाटत होतं, जितकं बारीक सांगू तितकं ते तिच्या आत बसेल. दात नीट बसला नाही तर तो हिरडीला टोचत राहतो, घासून घासून बसवावा लागतो. हे तसंच आहे असं तो स्वतःला सांगत होता. घरी बायकोला त्याने चौथ्या दिवशी सांगितलं. ती ऐकून आत गेली. बऱ्याच वेळाने आतूनच म्हणाली, "त्या माणसाला मी चौदा वर्षं चहा करून दिला." मग आणखी थोड्या वेळाने, "आणि दादांना नाही दिला."

त्याच आठवड्यात एकदा प्रयोगशाळेत फोन आला. सरांच्या पत्नी होत्या. त्यांना फार अवघड वाटत होतं, ते आवाजावरूनच कळत होतं. "एक विचारू का? राग नका मानू. तो पायमोजा मी आज उघडला तर रिकामा आहे. तुम्ही पाहिली होती ना ती? कुठे चुकून दुसऱ्या खोक्यात..."

समोर प्लास्टरचा जबडा होता, त्यात वरचे सहा दात मेणात उभे होते. मॅडमनी टाचेला घातलेलं ते रफू त्याला दिसलं. सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. त्या बाई बहिणीच्या घरी, एका अनोळखी खोलीत, उरलेली सगळी वर्षं त्या एका वाक्याबरोबर राहिल्या असत्या.

"मी घेतली," तो म्हणाला.

त्या हळूच म्हणाल्या, "मागितली असती तर दिली असती हो." आणि मग, "पण ज्याची आहे तो आता आला, तर मी त्याला काय सांगू?"

"हरवली म्हणून सांगा."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही. शाळेला गाड्या गेल्या का, त्या बहिणीकडे गेल्या का, त्याला कळलं नाही.

पुढच्या मंगळवारी तो लाँड्रीत गेला तेव्हा दुकानात गर्दी होती. तो कोपऱ्यात थांबला. गर्दी ओसरली तशी मुंगी टेबलापाशी आली. तिने केस बांधले होते, चेहरा जरा उतरलेला होता. त्याने सुरुवात केली, सरांच्या पत्नींनी खालच्या खणातून डबा काढला इथपासून. ती नेहमीसारखी ऐकत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काका," ती मध्येच म्हणाली, "त्या मॅडमना मी एकदा विचारू का? नुसतं एवढंच की डबा होता का."

"नको," तो म्हणाला. फार पटकन म्हणाला. "म्हणजे... आता नाही विचारता यायचं. त्यांना तसं माहीत नाही. त्यांना मी वेगळं सांगितलंय."

"वेगळं काय?"

त्याला सांगता येईना. इस्त्री कापडावरून गेल्याचा आवाज थांबला. वहिनी ऐकत होत्या, पण त्यांनी मान वर केली नाही. मुंगी पुढे वाकली आणि तिने आईला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात, दुखऱ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "काका, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून तर तुम्ही हे सगळं सांगत नाही ना?"

"नाही गं," तो म्हणाला. "नाही, शपथ. खरंच नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने आणखी काही सांगायचा प्रयत्न केला, पण सगळं सांगून झालेलं होतं, आठ दिवस रोज. मग तिने समजूतदारपणे मान हलवली, लहान मुलाचं खोटं मोठ्या माणसाने चालवून घ्यावं तशी, आणि म्हणाली, "बरं."